कारवानी कुत्री अचानक दगावली: विषाच्या संशयापेक्षा नमुन्यांच्या बरण्यांचा विचार आधी करा

नमस्कार. सांगोल्याजवळच्या ज्या सदस्याने आपल्या साडेतीन वर्षांच्या कारवानी (शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या, वेगवान देशी जातीच्या) कुत्रीबद्दल लिहिले आहे, त्यांचा मजकूर वाचताना मी मध्येच थांबलो. संध्याकाळी भाकरी-दूध आणि अंडे खाऊन मोकळी सोडलेली कुत्री पहाटे पाचला उकिरड्याशेजारी ताठ पडलेली सापडली. तोंडाला फेस, पोट टम्म, अंगावर जखम नाही. शेजारच्या डाळिंबावर आदल्या दिवशी फवारणी झालेली. दुपारी मीठ टाकून तिला पुरले, आणि आता त्यांचा प्रश्न असा आहे की हे विषच असणार ना आणि तक्रार कुठे करायची. २०१६ च्या मे महिन्यात जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर पाखऱ्या नावाचा माझा चार वर्षांचा नर असाच गेला, आणि मीसुद्धा त्या दिवशी भेटेल त्याला हेच विचारत होतो.

आधी स्पष्ट करतो की मी पशुवैद्य नाही. माध्यमिक शाळेत शिकवतो आणि वीस-बावीस वर्षे कारवानी कुत्री पाळतो, एवढाच माझा अधिकार आहे. पुढे जे लिहितो आहे ते एका चुकीतून आणि नंतर भेटलेल्या दोन-तीन पशुवैद्यकांशी झालेल्या बोलण्यातून आलेले आहे.

तुम्ही दिलेल्या खुणांवरून विष सिद्ध होत नाही. फेस हृदय बंद पडतानाही येतो, उष्माघातातही येतो आणि फुप्फुसांत पाणी भरले तरी येतो. कुत्रा लगेच ताठ झाला की आपल्याकडे जुनी माणसे कुचला (एक विषारी बी) घातला असे म्हणतात. पण मरण्यापूर्वी जनावर जिवाच्या आकांताने पळालेले असेल, तर त्याचे स्नायूही नेहमीपेक्षा लवकर ताठतात. टम्म पोटाचे दोन अर्थ होतात. मेल्यानंतर उन्हाळ्यात काही तासांत वायू धरतोच. दुसरीकडे, कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यात भरल्या पोटी धावपळ झाली की जठर फुगून स्वतःभोवती पिळवटू शकते, आणि मग काही तासांत खेळ संपतो. अशा वेळी कुत्रे ओकारीसाठी धडपडते पण बाहेर काही पडत नाही. मात्र रात्री ते पाहायला कोण जागे असते? पिळवटलेले जठर आणि जागा सोडून रक्ताने फुगलेली प्लीहा या गोष्टी पोट उघडल्यावर डोळ्यांना दिसतात, त्यासाठी कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. याशिवाय मण्यारीचा दंश आहे, ज्याची खूण अंगावर शोधूनही सापडत नाही. डुकरांसाठी कुंपणात सोडलेला वीजप्रवाह आहे, ज्याचा बारीक चटका पंजाच्या गादीवर किंवा ओठाच्या आत राहतो आणि पाहिला नाही तर निसटतो. मग फवारणीची औषधे आणि उंदराचे विष. ही सगळी यादी डोक्यात असूनही पाखऱ्या गेला त्या सकाळी मी फक्त शेवटच्या दोन कारणांवर अडकलो होतो, कारण बांधावरून माझे आणि शेजाऱ्याचे आधीच वाजलेले होते.

त्या दिवशी काय झाले ते सविस्तर सांगतो. सकाळी नऊला पाखऱ्याला पोत्यात गुंडाळून मी एका दवाखान्यात पोहोचलो. विषाचा संशय असेल तर पोलिसांचे पत्र आणा, त्याशिवाय शवविच्छेदन करता येणार नाही, असे तिथे सांगण्यात आले. ठाण्यात गेलो तर उत्तर मिळाले की मृत्यू संशयास्पद आहे असे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आम्ही पत्र कशाच्या आधारावर द्यायचे. या दोन दारांमध्ये मी तीन खेपा घातल्या, आणि तेवढा वेळ जीपमध्ये ताडपत्रीखाली, मे महिन्याच्या उन्हात, माझा कुत्रा पडून होता. अखेर एका ओळखीच्या माणसाने फोन केल्यावर दुपारी चारला पत्र मिळाले. त्या कचेऱ्यांची नावे मी लिहिणार नाही, कारण तिथली माणसे आता बदलली आहेत आणि बदलली नसती तरी काही फरक पडला नसता. कोर्टात जायचे नसेल आणि केवळ कारण जाणून घ्यायचे असेल, तर मालकाच्या साध्या लेखी अर्जावरही शवविच्छेदन होऊ शकते, हे मला पुढे एका पशुवैद्यकाने सांगितले. त्या सकाळी हे एक वाक्य कोणी बोलले असते तर माझे सात तास वाचले असते.

पण खरे नुकसान कचेरीने केले नाही, ते मी केले. खेपा चालू असताना मला वाटले की आपणही काही तयारी करावी. शवविच्छेदन म्हटले की फॉर्मॅलिन लागते एवढे मला शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पाहून ठाऊक होते, म्हणून मी एका ओळखीच्याकडून फॉर्मॅलिन आणि लोणच्याची एक मोठी काचेची बरणी घेऊन आलो आणि मोठ्या अभिमानाने ती डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनाही उशीर झालेला होता. जठर त्यातल्या अन्नासह, यकृताचा मुठीएवढा गोळा, एक मूत्रपिंड आणि थोडे आतडे, असे सगळे त्या एकाच बरणीत गेले, वर फॉर्मॅलिन ओतले गेले, आणि लाखेचे सील लागले.

पाच महिन्यांनी अहवाल आला: विष आढळले नाही. शेजाऱ्याने तो कागद गावात दाखवत फिरावे आणि मी मान खाली घालावी, असे काही दिवस गेले. पुढे दुसऱ्या एका कामासाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाणे झाले, तेव्हा तिथल्या एका शिक्षकांना मी बरणीची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे समजावले की फॉर्मॅलिन ऊतींना धरून ठेवते आणि त्यातच अनेक रसायनांवर क्रिया करून त्यांचा माग पुसते, त्यामुळे विषाच्या तपासणीसाठी तो नमुना मुळातच वाया गेलेला असतो. विष आढळले नाही याचा अर्थ विष नव्हते असा होत नाही, एवढेच त्या अहवालातून निघत होते. आणि दुसरी तपासणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहून आजार ओळखण्याची, तीही त्याच बरणीने घालवली, कारण फॉर्मॅलिन गोळ्याच्या आत फार हळू शिरते. मुठीएवढ्या यकृताचा बाहेरचा थर टिकला आणि आतला भाग कुजला. एका कामासाठी फॉर्मॅलिन घालायलाच नको होते आणि दुसऱ्या कामासाठी ते पुरेसे नव्हते. मी आणलेल्या एकाच बरणीने दोन्ही रस्ते बंद केले.

म्हणून माझे मत, चुकीचे वाटले तर जाणकारांनी दुरुस्त करावे: विषाच्या तपासणीसाठी जठरातले अन्न, यकृत आणि मूत्रपिंड वेगवेगळ्या, स्वच्छ, कोरड्या बरण्यांत ठेवावे, त्यात फॉर्मॅलिनचा थेंबही नको, न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवायचे असेल तर संपृक्त मिठाचे पाणी वापरतात, आणि तो माल पोलिसांमार्फत सीलबंदच जातो. आजाराच्या तपासणीसाठी मात्र एक सेंटिमीटरहून जाड नसलेले बारीक तुकडे, त्यांच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, आणि तेही दहा टक्क्यांचे, म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून केलेले. मृत कुत्रा बर्फावर किंवा थंड जागी ठेवावा, पण डीप फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाला काही उरत नाही. आणखी एक: पोट उघडताना सडक्या माशासारखा किंवा लसणीसारखा उग्र वास आला तर उंदराच्या विषातल्या फॉस्फाईडचा संशय धरून मागे सरावे, कारण तो वायू उघडणाऱ्यालाही बाधतो, ते काम बंद खोलीत नको, मोकळ्यावर व्हावे.

तुमच्यासाठी आता काय उरले आहे, तेही सांगतो. पुरून एक-दोन दिवसच झाले असतील, तर पुन्हा उकरून काढण्याचा विचार मी एकदम सोडून देणार नाही. जठर पिळवटले होते का हे अजूनही दिसू शकते आणि जठरातले अन्नही मिळू शकते, मात्र ऊतींचा आजार ओळखण्याची आशा धरू नका. मीठ वरून टाकल्याने आतले काही टिकत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. उकिरड्यापाशी उलटीचे डाग असलेले पोते किंवा माती असेल तर ती स्वच्छ बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा; ती गोठली तरी चालते. तक्रार करायचीच असेल तर आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते, पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ४२८ आणि ४२९ होती. जनावराला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कलमापेक्षा पुरावा आधी हवा, हे माझ्याइतके कोणाला कळले नसेल.

एक नाजूक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि सशाची शिकार हा गुन्हा आहे, म्हणून आपण कुत्रा रात्री कुठे धावला ते डॉक्टरांपुढे गिळून टाकतो. मीही कुत्रा दावणीला होता असे सांगितले, खरे तर तो रात्री माळावर सशामागे किती पळाला असेल ते मलाच ठाऊक नव्हते. त्या खोट्यामुळे उष्माघात किंवा स्नायू फुटण्याची शक्यता कोणी विचारातच घेतली नाही. शिकारीचे समर्थन मी करत नाही, आणि कुत्री रात्री मोकळी सोडू नयेत हे मी उशिरा शिकलो. पण डॉक्टरांना खरे सांगा.

तुमच्याकडे तिचेच एक पिल्लू आहे असे तुम्ही लिहिले आहे. काही दिवस त्याला बांधून ठेवा, रात्रीचे मोठे जेवण आणि धावणे यांत दोन तासांचे तरी अंतर ठेवा. आणि शेजाऱ्याकडे भांडण न करता जाऊन फवारणी कोणत्या औषधाची होती ते विचारा, रिकामी पुडी दाखवली तर तिचा फोटो घ्या, कारण प्रयोगशाळेला कशाचा शोध घ्यायचा हे सांगितले तर तिचे काम सोपे होते. मी विचारले नव्हते, थेट आरोप केला होता. दोन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत माझा तो शेजारी माझ्या बाजूला बसला, आणि त्या दिवशी द्राक्षावर फक्त बोर्डो मारले होते, मोरचूद आणि चुना, असे त्याने न विचारता सांगितले. खरे की खोटे, ते तपासायला माझ्याकडे काहीच शिल्लक नव्हते.