उपचार नाहीत, तर तिथे होते काय?

प्रश्न : इंग्लंडमधील काही तुरुंगांत व्यक्तिमत्त्व विकार (भावना, वागणे आणि इतरांशी संबंध यांत दीर्घकाळ अडचणी आणणारा मनोविकार) असलेल्या कैद्यांसाठी मानसशास्त्राच्या आधारे चालवलेले वेगळे विभाग आहेत, पण तेथे उपचार होत नाहीत, असे वाचले. मग तेथे नेमके काय होते? हे गुन्हेगारांचे लाड नव्हेत काय?

उत्तर : आपण ‘पाइप’ (‘सायकॉलॉजिकली इन्फॉर्म्ड प्लॅन्ड एन्व्हायर्न्मेंट’ची आद्याक्षरे) या नावाच्या विभागांविषयी वाचले असावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून आरोग्यसेवा आणि तुरुंग-प्रोबेशन खाते मिळून जी योजना राबवतात, तिचा हा भाग आहे. प्रत्यक्ष उपचार अन्यत्र होतात. बकिंगहॅमशायरमधील ग्रेंडन तुरुंगात तर १९६२ पासून समूहोपचार चालतात. असे उपचार घेऊन आलेल्या अनेकांना गटात शिकलेले रोजच्या वागण्यात उतरवायला या विभागांत अवसर मिळतो.

समजा, फोनची वेळ संपली असे सांगताच एका कैद्याने हातातला कप भिंतीवर फेकला. शिस्तभंगाची कारवाई येथेही टळत नाही. मात्र त्याच्यासाठी नेमलेला अधिकारी नंतर त्याच्याशी बसून बोलतो : ‘नाही’ ऐकताच मनात काय आले, आपल्याला पुन्हा झिडकारले असे वाटले का, आणि असे पूर्वी कधी वाटले होते. लहानपणी मारहाण आणि हेळसांड सोसलेले अनेक जण या कैद्यांत असतात. त्यांना साधा नकारही अपमानासारखा लागतो.

माझ्या मते खरा कस लागतो तो कर्मचाऱ्यांचा. एकाच कैद्याविषयी एका अधिकाऱ्याला कणव वाटते, तर तो सगळ्यांना खेळवतो आहे अशी दुसऱ्याची खात्री असते, आणि दोघांत तट पडले की कालचा नियम आज बदलतो. ज्याचा माणसांवरचा विश्वास आधीच उडाला आहे, त्याला तर हे फारच जाचते. म्हणून मानसशास्त्रज्ञ कर्मचाऱ्यांबरोबरही नियमित बैठका घेतात आणि त्यांत त्यांचा राग, त्यांची कीव, त्यांचा थकवा यांवर मोकळेपणाने बोलणे होते. (तुरुंगात नोकरी करणाऱ्या माणसाला हे सहजी जमत नाही, हेही खरे.)

लाडांचे म्हणाल, तर येथे आल्याने शिक्षा कमी होत नाही. उलट, भांडण करून कोठडीत तोंड लपवण्यापेक्षा कालच्या वागण्याचा जाब रोज त्याच माणसांसमोर देणे पुष्कळांना अधिक जड जाते.