ब्राह्मी लागवड : सांडपाण्याची जागा नको

प्रश्न : घरामागे सांडपाण्याने कायम ओली राहणारी दोन गुंठे जागा आहे. तिथे ब्राह्मी लावावी का? मागच्या वेळी व्यापाऱ्याने ‘ही ब्राह्मी नव्हे’ म्हणून माल परत केला.

उत्तर : त्या जागेत ब्राह्मी फोफावेल, तरीही लावू नका. ही वनस्पती पाण्यातले शिसे, कॅडमियम असे जड धातू अंगात ओढून घेते. ते धुऊन, वाळवून किंवा उकळून जात नाहीत. विहिरीचे स्वच्छ पाणी मिळणारा तुकडा निवडा. भातखाचराची चिकण जमीन उत्तम.

परत आलेला माल मंडूकपर्णीचा असावा. तिलाही आपल्याकडे सर्रास ब्राह्मीच म्हणतात. तिचे पान गोलसर, कातरलेल्या कडांचे, लांब देठाचे असते. व्यापाऱ्याला बहुधा हवी होती ती ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी. तिची पाने बारीक, मांसल, जवळपास बिनदेठाची आणि पेरावर समोरासमोर येतात. चव कडू, फूल पांढरे किंवा फिकट जांभळे. दोन्ही औषधीच, पण खरेदीदाराला नेमकी कोणती हवी ते लागवडीआधी विचारा. लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी वनस्पती संशोधन संस्थेचे ‘प्रज्ञाशक्ती’ आणि ‘सुबोधक’ हे जलब्राह्मीचे वाण आहेत.

बियांच्या भानगडीत पडू नका. पेरांवर मुळ्या फुटलेले ५ ते १० सेंमीचे फुटवे पाऊस स्थिरावल्यावर १० × १० सेंमीवर लावा. गुंठ्याला साधारण दहा हजार फुटवे लागतात, म्हणून आधी लहान वाफ्यात वाढवून घ्या. गुंठ्याला शंभर किलो चांगले कुजलेले शेणखत पुरते; कच्च्या खताबरोबर तण येते. लावल्याबरोबर पाणी द्या, पुढे उघडीप पडली की आठवड्याला. जमिनीला भेग पडली की फुटवे उचलतात आणि सुकतात.

खरा त्रास तणाचा, त्यातही लव्हाळ्याचा. पहिला महिनाभर दर पंधरवड्याला हाताने निंदा, नंतर वेलच जमीन झाकते. तणनाशक मात्र नको. फवारलेला पालाच कापणीत जातो.

अडीच-तीन महिन्यांनी बुडखा राखून वरचा भाग कापा, पुन्हा फुटतो. मुळासकट उपटलेल्या मालात माती येते आणि भाव पडतो. धुऊन लगेच सावलीत पातळ पसरा. ढीग राहिला तर आतून तापून काळा पडतो. वाळल्यावर वजन फार घटते, म्हणून भाव ओल्याचा की वाळक्याचा, हे आधीच ठरवा.

घरी तेल करायचे तर एक लिटर खोबरेल, पाव किलो वाटलेला पाला, पाल्याचा चार लिटर रस. मंद आचेवर आटवा. आतल्या कल्काची, म्हणजे वाटलेल्या पाल्याची, वात पेटवल्यावर तडतडली, तर पाणी शिल्लक आहे. असे तेल लवकर खवट होते. रस पोटात घ्यायचा असेल तर उपाशीपोटी नको, मळमळते. गरोदर स्त्रिया, थायरॉईडची किंवा झोपेची औषधे घेणारे यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये.