मुलाचे डोळे सतत हलतात, तिरळेही आहेत. ऑपरेशनने हलणं थांबेल का?

हलणं पूर्ण थांबत नाही, पण मान वाकडी धरून बघणं आणि तिरळेपणा, दोन्ही बरेच सुधारू शकतात. परळला लहान मुलांचे डोळे तपासते, तिथे पालकांना हेच सांगते. निस्टॅग्मस, म्हणजे डोळ्यांची अशी सतत थरथर, असलेल्या बऱ्याच मुलांना नजरेचा असा एक कोन सापडलेला असतो, जिथे थरथर सर्वात कमी होते. म्हणून दादरच्या फलाटावर इंडिकेटर वाचताना मूल तोंड डावीकडे वळवतं आणि बुबुळं उजव्या कोपऱ्यात नेतं. कृपा करून त्याला ‘सरळ बघ’ म्हणून दटावू नका, तसंच त्याला नीट दिसतं! ऑपरेशनमध्ये दोन्ही डोळ्यांचे काही स्नायू मागे सरकवतात, काही आखूड करतात, म्हणजे ती शांत जागा समोर येते. केस्टेनबॉम आणि अँडरसन या नेत्रतज्ज्ञांनी १९५३ साली ही पद्धत मांडली. तिरळेपणा बहुधा त्याच वेळी दुरुस्त करता येतो. मात्र आधी चष्म्याचा नंबर आणि पडदा तपासून घ्या. पडदा किंवा नस मुळातच कमजोर असेल तर ऑपरेशनने नजर फारशी वाढत नाही. आणि थरथर अलीकडेच सुरू झाली असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.