मुंबईत ॲव्होकाडोचं एवढं कौतुक का? खावा की ती नुसती फॅशन आहे?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात अर्धे लोक ॲव्होकाडोला डोक्यावर घेतात, अर्धे म्हणतात बेचव आणि महाग, आणि तुम्ही स्वतः आणलेला तर कडू निघाला. मग खरं कोणाचं? माझ्या मते दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जिभेशी प्रामाणिक आहेत. फक्त ते एकच फळ खात नाहीत, आणि एकाच अवस्थेतलंही खात नाहीत.

आधी फळ ओळखा. क्रॉफर्ड मार्केटला किंवा पाली मार्केटला दोन प्रकार दिसतात. एक लहान, जाड खरखरीत सालीचा, पिकला की काळपट जांभळा होणारा. हा हास. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेतलं हे झाड, त्याने १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं. मुंबईत हा टांझानिया, केनिया, पेरू, न्यूझीलंड अशा ठिकाणांहून येतो. फळावरच्या स्टिकरवर बहुधा देश लिहिलेला असतो. दुसरा मोठा, गुळगुळीत, पातळ सालीचा, पिकल्यावरही बऱ्याचदा हिरवाच राहणारा. हा कूर्ग, वायनाड, कोडाईकनालकडून पावसाळ्याच्या सुमारास येतो आणि फळवाले त्याला बटर फ्रूट म्हणतात. हासमध्ये तेल जास्त, म्हणून चव दाट. बटर फ्रूटमध्ये पाणी जास्त, म्हणून तो ब्रेडवर लावला की पचपचीत लागतो, पण दुधात उत्तम. बटर फ्रूट टोस्टवर खाऊन नावं ठेवणारे बरेच असतात. त्यांची तक्रार खरी आहे, पण तो त्या फळाचा उपयोगच नव्हे.

आता तुमचा कडू निघाला त्याबद्दल. बहुतेक तो कच्चा कापला गेला. ॲव्होकाडो झाडावर तयार होतो, पण मऊ होतो तो उतरवल्यावरच. आंब्याची आढी लावतो तसाच प्रकार. कडक हास वर्तमानपत्रात एका पिकल्या केळ्यासोबत गुंडाळून ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवा. मुंबईच्या हवेत दोन-तीन दिवस लागतात, केळं नसेल तर चार-पाच. फ्रिजच्या वर ठेवू नका. तिथल्या उष्णतेने एक बाजू मऊ आणि दुसरी रबरासारखी राहते. कच्चं फळ फ्रिजमध्येही नको, थंडीने आतला गर करडा पडतो आणि मग ते धड पिकत नाही. पिकल्यावर मात्र लगेच फ्रिजमध्ये टाका, दोन-तीन दिवस टिकतं. दमट दिवसांत बुरशी देठाकडून शिरते, म्हणून देठाचं बोंड उपटून बघणाऱ्यांचा मला राग येतो. त्याने फळवाल्याचं नुकसान होतं आणि फळाचंही.

पिकलंय का ते तळहातावर धरून सगळ्या बोटांनी हलकं दाबून बघा. अंगठा रुतवलात तर तिथे काळा डाग पडतो. सगळीकडून सारखं किंचित दबलं की तयार. फक्त देठापाशी दबलं तर अजून एक दिवस थांबा. हासचा रंग थोडी मदत करतो, बटर फ्रूटचा अजिबात नाही. आठवडाभर ठेवूनही मऊ न होता सुरकुतलं, तर ते कोवळं उतरवलेलं आहे. त्याचं काही होणार नाही, परत आणताना दुकान बदला. मायक्रोवेव्हमध्ये ‘पिकवण्याचे’ व्हिडिओ फिरतात. त्याने गर मऊ होतो, पिकत नाही, चव कच्चीच राहते. शिवाय जास्त तापवला की ॲव्होकाडो कडवट होतो, म्हणून भाजीत शिजवू नका आणि वर कडकडीत फोडणीही ओतू नका.

कापताना बीभोवती उभी सुरी फिरवून दोन्ही भाग उलटसुलट पिळा. बी चमच्याने काढा. बीवर सुरी मारण्याची पद्धत दिसायला छान, पण तळहात कापून घेण्याचा तो हमखास रस्ता आहे. गरात काळपट धागे दिसले तर खायला हरकत नाही. गर तपकिरी आणि आंबूस वास असेल तर फेका.

पहिल्यांदा खाणाऱ्याला मी हे सांगेन: एक पिकलेला हास, अर्धा छोटा कांदा अगदी बारीक चिरून, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर, पाव चमचा मीठ, अर्ध्या कागदी लिंबाचा रस. काट्याने ठेचा, गुठळ्या राहू द्या. मिक्सरमध्ये फिरवलात तर चिकट होतो आणि हवा मिसळून लवकर काळा पडतो. गरम ज्वारीच्या भाकरीवर किंवा तव्यावर कडक भाजलेल्या पावावर लावून लगेच खा. लिंबू आणि मीठ यात कंजूषी केली की हाच पदार्थ बेचव लागतो. निम्म्या तक्रारी इथल्या आहेत, कारण लोक फळ म्हणून गोडाची अपेक्षा ठेवतात आणि या फळात १०० ग्रॅमला साखर एक ग्रॅमसुद्धा नसते. उरलेला भाग लिंबू चोळून, प्लास्टिक गराला चिकटवून झाका. पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती मात्र टाळा. सालीवरचे जंतू तशाने वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता.

बटर फ्रूटसाठी: अर्ध्या फळाचा गर, २०० मिली थंड दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर वेलची. लगेच प्या, ठेवलं की कडसर होतं. कणकेत ॲव्होकाडो मळून पोळ्या करण्याचा सल्लाही मिळतो. पोळी मऊ होते, पण चव कुठे गेली ते कळत नाही. त्या पैशाचं तूप बरं.

आरोग्याच्या दाव्यांकडे येऊ. १०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्ध (बहुतांश ऑलिव्ह तेलात असतं त्या प्रकारचं), जवळजवळ ७ ग्रॅम तंतू आणि ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम. तंतूंचा आकडा खरोखर चांगला आहे. प्रथिनं मात्र जेमतेम दोन ग्रॅम, त्यामुळे ‘प्रोटीन ब्रेकफास्ट’ म्हणून ॲव्होकाडो टोस्ट विकणारे कॅफे चुकीचं सांगतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोट कमी होतं हाही दावा टिकत नाही: २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे हजार लोकांवरच्या चाचणीत सहा महिने रोज एक मोठा ॲव्होकाडो खाऊनही पोटातली चरबी कमी झाली नाही, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल मात्र किंचित उतरलं. त्या चाचणीला पैसा ॲव्होकाडो उत्पादकांच्या मंडळाकडून आला होता, तरी निकाल असा आला, म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो. सॅलडमधल्या गाजर-टोमॅटोतली कॅरोटीन शोषायला ॲव्होकाडो मदत करतो हे बरोबर आहे, पण ते काम कोणतंही स्निग्ध करतं. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि फोडणी असते ती तेच करते.

म्हणून तो चवीसाठी घ्या, आणि लोणी, चीज, मेयोनीज यांच्या जागी घ्या. जेवणावर आणखी अर्धा ॲव्होकाडो म्हणजे शंभरेक कॅलरी वाढल्या, एवढंच. आयात हासच्या एका फळाच्या पैशात मुंबईत डझनभर केळी येतात, तेव्हा परवडत नसेल तर आरोग्याचं काही अडत नाही. पर्यावरणाचा आक्षेप गंभीर आहे: मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये बागांसाठी जंगलं तोडली गेली, चिलीच्या पेटोर्का भागात पाण्यावरून लोक लढतायत. ज्यांना तो टोचतो त्यांनी पावसाळ्यात दक्षिणेकडचं फळ घ्यावं.

मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियम मोजून खायचं असेल, किंवा रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना ॲव्होकाडोचीही असू शकते. ओठ-घसा खाजला तर थांबा. काहींना यामुळे गॅस होतो, त्यांनी पाव फळाने सुरुवात करावी. आणि घरात लव्हबर्ड किंवा बजी (बजरीगर, छोटा पाळीव पोपट) असेल तर त्याला साल, बी, गर यातलं काहीही घालू नका. यातला पर्सिन नावाचा घटक पक्ष्यांच्या जिवावर बेततो.