छोट्या सागरी संग्रहालयात हिवाळ्यात स्थानिकांसाठी कोणते उपक्रम घ्यावेत आणि ते कसे चालवावेत?

तुम्ही लिहिलंय की संग्रहालय विभागीय आहे, हिवाळ्यात पर्यटक येत नाहीत, हाताशी दोन-तीन कर्मचारी आणि काही स्वयंसेवक आहेत, आणि आसपासच्या लोकांसाठी दर आठवड्याला एक व्याख्यान ठेवायचा विचार आहे. व्याख्यानं ठेवा, पण मुख्य भर त्यांच्यावर नको. व्याख्यानाला माणूस येतो, ऐकतो आणि जातो. हिवाळा हा नावांच्या डागडुजीचा काळ. नावा पाण्याबाहेर असतात, शिडं उतरवलेली असतात, दोर तपासायला काढलेले असतात. या महिन्यांत संग्रहालयाला जे काम करावंच लागणार आहे, त्यातूनच उपक्रम काढा. हंगाम सुरू होताना पाण्यात उतरणाऱ्या नावेवर आपल्या हातचं काही लागलेलं असेल, तर तो माणूस पुढच्या वर्षीही येतो आणि येताना आणखी एकाला घेऊन येतो.

सुरुवात दोरकामाने करा. खर्च कमी, धूळ नाही, यंत्रांचा आवाज नाही, टेबलं मांडलेली कुठलीही खोली चालते. सहा आठवडे, एकच वार, एकच वेळ, दर वेळी दोन तास. बारा जण घ्या आणि शिकवायला दोघं हवेत. सहा जणांमागे एक शिकवणारा नसला की निम्मे लोक अडकलेला दोर हातात धरून वाट बघत बसतात.

प्रत्येकाला १२ मिमी जाडीच्या तीन पदरी दोराचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे, मेण लावलेला तीन मीटर दोरा, तीन रंगांची चिकटपट्टी आणि पदरांमध्ये फट पाडायला एक निमुळती लाकडी खुंटी (हिला फिड म्हणतात) द्या. दोर मनिलाचा किंवा मनिलासारखा खरखरीत कृत्रिम घ्या. गुळगुळीत नायलॉन नवख्यांच्या हातात देऊ नका. पदर उकलले की ते पीळ सोडून विस्कटतात आणि विणलेलं निसटून येतं. वेणीसारखा विणलेला दोर तर या कामाला नकोच, कारण त्यात पिळाचे पदर नसतात.

पहिल्या दिवशी चारच गाठी शिकवा: आठाची गाठ (दोराचं टोक निसटू नये म्हणून), बोलाइन (न आवळणारा फास), क्लोव्ह हिच (खांबाला बांधायची) आणि शीट बेंड (दोन दोर जोडायची). दहा गाठी दाखवल्या तर घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. रीफ नॉट बऱ्याच जणांना आधीच येत असते, आणि दोन दोर जोडायला तीच वापरायची असा त्यांचा समज असतो. तो तिथेच दूर करा. एक टोक बाजूला ओढलं की ती उलटते आणि सुटते. शीड गुंडाळून बांधायला ती ठीक, भार पेलायला नाही.

दुसऱ्या दिवशी टोकं बांधणं, म्हणजे पदर सुटू नयेत म्हणून दोराच्या टोकाला दोरा गुंडाळणं. दोराच्या जाडीइतक्या किंवा दीडपट रुंदीत दोरा घट्ट गुंडाळायचा. गुंडाळणं टोकाकडे सरकत न्यायचं आणि शेवट आत ओढून घ्यायचा. इथे लोक सैल हाताने काम करतात आणि आठवड्याभरात पट्टा घसरून पडतो.

तिसरा आणि चौथा दिवस डोळ्याच्या स्प्लाइसला द्या, म्हणजे दोराचं टोक वळवून त्याचे पदर त्याच दोरात विणून केलेल्या कायमच्या फाशाला. कार्यशाळेचं खरं शिक्षण इथे आहे, म्हणून घाई नको. १२ मिमी दोराचे पदर टोकापासून साधारण २० सेंमी उकला आणि जिथे थांबलात तिथे दोऱ्याने आवळून बांधा. तिन्ही पदरांच्या टोकांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा. शिकवणाऱ्याला ‘लाल पदर उचला’ म्हणता येतं, आणि निम्मा गोंधळ तिथेच संपतो. डोळ्याचं माप ठरवून मधला पदर मुख्य दोराच्या एका पदराखालून पिळाच्या आडवा, उजवीकडून डावीकडे घाला. डावा पदर त्याच्या लगतच्या डाव्या पदराखालून. मग काम उलटं करा आणि तिसरा पदर उरलेल्या पदराखालून घाला, पण पुन्हा उजवीकडून डावीकडेच. जवळपास प्रत्येक नवखा हा तिसरा पदर उलट दिशेने घालतो, कारण काम उलटं केल्यावर हाताला तेच सोपं पडतं. म्हणून पहिली फेरी झाली की सगळ्यांना थांबवा आणि तपासा: मुख्य दोराच्या तिन्ही फटींतून एकेकच पदर बाहेर आलेला दिसला पाहिजे. एकाच फटीतून दोन आले असतील तर उकलून पुन्हा. पुढच्या फेऱ्या सोप्या आहेत, एका पदरावरून आणि पुढच्याखालून. नैसर्गिक धाग्याच्या दोराला किमान तीन पूर्ण फेऱ्या, कृत्रिम दोराला पाच, आणि त्यासाठी उकलताना चार-पाच सेंमी जास्त धरा. प्रत्येक फेरीनंतर तिन्ही पदर सारख्या ताणाने ओढा, नाहीतर भार एकाच पदरावर येतो.

एवढी मेहनत कशासाठी, हेही सांगा. नेहमीच्या गाठीने दोराची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होते, कारण गाठीतल्या तीव्र वळणावर बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो. नीट केलेला स्प्लाइस नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद राखतो.

शेवटचे दोन आठवडे संग्रहालयाच्या कामाचे: दालनातले अडसराचे दोर, धक्क्यावरचे दोराचे फेंडर (नाव धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये लटकवायच्या गाद्या), दारातली चटई. माणसाचं वजन ज्यावर येणार असा कुठलाही दोर मात्र जाणकाराने तपासल्याशिवाय वापरात आणू नका, कितीही सुबक दिसला तरी.

नाव दुरुस्तीची शेड असेल तर तीही लोकांसाठी उघडा, पण तिथे थंडी अडचण करते. पांढरा लाकडी गोंद १० अंश सेल्सिअसच्या खाली भरवशाचा राहत नाही. सुकल्यावर खडूसारखा पांढरा दिसला तर तो सांधा फुकट गेला समजा. इपॉक्सीचा घट्ट होण्याचा वेळ तापमान १० अंशांनी उतरलं की ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि थंड-दमट हवेत त्याच्यावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन आणि घासून काढल्याशिवाय वरचा पुढचा थर चिकटत नाही. म्हणून हिवाळ्यात चिकटवण्याचं काम गरम खोलीत आणि शेडमध्ये फक्त घासणं, रंधणं, खरवडणं. दोन गोष्टींत सवलत नाही. बंद शेडमध्ये रॉकेल किंवा गॅसची शेगडी चालवायची नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकायचा नाही. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या आत ती साठून चिंधी आपोआप पेट घेते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात बुडवून ठेवा.

ज्यांच्या हातांना आता दोरकाम झेपत नाही त्यांच्यासाठी जुन्या छायाचित्रांची बैठक ठेवा. संग्रहालयाला हिच्याइतकं मोलाचं दुसरं काही मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं. नावा, धक्के, माणसं ओळखणारी पिढी जाते तेव्हा ते फोटो कायमचे मुके होतात.

मूळ फोटो टेबलावर आणायचे नाहीत. ६०० पीपीआयला (दर इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करा, मागची बाजूही, कारण तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो. मग ए-४ आकाराच्या प्रती काढा आणि प्रत्येकीवर संग्रहाचा क्रमांक ठळक लिहा. पडद्यावर दाखवण्यापेक्षा छापील प्रती बऱ्या. लोक त्या उचलून डोळ्यांजवळ नेतात, शेजाऱ्याला बोट ठेवून दाखवतात, पेन्सिलने खूण करतात. दीड तासाला वीस फोटो पुरतात.

प्रत्येक फोटोसोबत एक कागद ठेवा आणि त्यावर तीन गोष्टी वेगळ्या लिहा: काय सांगितलं, कोणी सांगितलं, आणि ते कशावरून. ‘मी त्या नावेवर होतो’ आणि ‘असं ऐकलंय’ यांची नोंद सारखी होता कामा नये. ‘ही अमुकच नाव ना?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘इथे काय दिसतंय?’ असं विचारा. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही म्हणणी लिहा, तिथल्या तिथे निवाडा करू नका. वर्ष आठवत नसेल तर डोलकाठीची रचना, इंजिनाचा धूर, मागे दिसणारी इमारत यांवरून ‘याच्या आधी की नंतर’ असं विचारत गेलं की दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यापर्यंत येता येतं.

लोक घरचे फोटो आणि निगेटिव्हही आणतील. १९५० च्या आसपासपर्यंतच्या काही निगेटिव्ह नायट्रेट फिल्मच्या असतात आणि त्या अतिशय ज्वालाग्राही असतात. पिवळट, चिकट किंवा ठिसूळ झालेली जुनी फिल्म आली तर ती दिव्यापासून आणि हीटरपासून दूर ठेवा, स्कॅनरवर लावू नका, जतनतज्ज्ञाला दाखवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ॲसिटेट फिल्म. आगीचा तसा धोका नाही, पण ती इतर फिल्मपासून वेगळी ठेवा.

या बैठकीत जो भरभरून बोलतो त्याची मुलाखत दुसऱ्या दिवशी स्वतंत्र खोलीत घ्या, घोळक्यात नाही. संमतीपत्र आधी, ध्वनिमुद्रण नंतर. मुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. माइक तोंडापासून २०–३० सेंमीवर, आणि पंख्याचा हीटर बंद, कारण त्याची घरघर नंतर निघत नाही. तासाभराचं मुद्रण शब्दशः उतरवायला सवय असलेल्यालाही पाच-सहा तास लागतात. तेवढे हात नसतील तर निदान दर पाच मिनिटांना कशाबद्दल बोलणं झालं याची सूची त्याच आठवड्यात करा. सूची नसलेल्या फाइली पुढे कोणी उघडत नाही.

आता हवेबद्दल, कारण हिवाळी उपक्रमांनी संग्रहाचं नुकसान होतं ते इथे. बाहेरची शून्य अंशाची, ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी ८० टक्के बाष्प असलेली) हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता २१ टक्क्यांवर येते. लाकूड आकसतं, फळ्यांचे सांधे उघडतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. उलट एक बसलेला माणूस तासाला अंदाजे ५० ग्रॅम बाष्प आणि १०० वॉट उष्णता सोडतो. चाळीस माणसं दोन तास बसली म्हणजे त्या हवेत चार लिटर पाणी गेलं. वस्तूंना सर्वांत जास्त त्रास या चढउताराचा होतो.

१६२८ मध्ये बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा हे जहाज स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. २००० सालच्या ओलसर उन्हाळ्यात गर्दी आणि दमट हवा यांमुळे त्याच्या लाकडावर आम्लयुक्त क्षार ठिकठिकाणी वर आलेले दिसले, आणि २००४ मध्ये तिथली हवा नियंत्रित करणारी यंत्रणा नव्याने बसवावी लागली. एवढ्या मोठ्या दालनाचं हे, तर लहान दालनात परिणाम लवकरच होणार.

म्हणून कार्यक्रम शक्यतो वेगळ्या खोलीत घ्या. दालनात घ्यायचाच तर वीस माणसं आणि पाऊण तास. कार्यक्रमाच्या तासाभर आधी हीटर पूर्ण सोडू नका, आदल्या दिवसापासून हळूहळू तापवा, किंवा खोली १६–१७ अंशांवर ठेवून लोकांना गरम कपड्यांत यायला सांगा. ओले कोट आणि छत्र्या दालनाबाहेर. दारात निदान तीन मीटर लांब पायपुसणं हवं, म्हणजे दोन्ही पाय दोन-तीनदा पुसले जातात. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकत असतील तर ते बुटांतून आत येतं, आणि क्लोराइड लोखंडी नांगर-साखळ्यांना गंजवतं. एक डेटा लॉगर (तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवत राहणारं छोटं यंत्र) लावा आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर आलेख बघा. आर्द्रता पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त हलली असेल तर पुढच्या वेळी माणसं कमी करा.

मुलांसाठी आकाशाची संध्याकाळ उत्तम, कारण हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि मुलांना जागं ठेवावं लागत नाही. कोनमापक, नळी, दोरा आणि वजन यांचं साधं चतुर्थांश यंत्र करा आणि ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजा. उत्तर गोलार्धात ती एका अंशाच्या आत अक्षांशाइतकी येते. मग नकाशावर चूक दाखवा: एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, १११ किलोमीटर. दोन अंश चुकलेल्या मुलाला आपण किनाऱ्यापासून किती लांब भरकटलो ते लगेच कळतं. या यंत्रातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, हे आधीच बजावा.

आभाळ भरून आलं तर सभागृहात वेगमापाचा दोर चालवा, म्हणजे ठरावीक अंतरावर गाठी मारलेला, पूर्वी जहाजाचा वेग मोजायला वापरत तो दोर. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळाला गाठींमधलं अंतर १४.४ मीटर लागतं. जागा कमी असेल तर १४ सेकंद आणि ७.२ मीटर. एक मूल दोर घेऊन चालतं, दुसरं गाठी मोजतं, तिसरं वेळ बघतं, आणि चालण्याचा वेग नॉटमध्ये (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) निघतो. साध्या चालीला दोन-तीन नॉट येतात.

वेळ ठरवताना मोठ्यांचे कार्यक्रम दुपारी उजेडात संपतील असे ठेवा. वयस्कर माणसं अंधारात निसरड्या रस्त्यावरून येणार नाहीत. मोफत कार्यशाळेला नाव नोंदवून न येणारे बरेच असतात, त्यामुळे थोडी रक्कम ठेव म्हणून घ्या आणि पहिल्या दिवशी परत करा. हवामानामुळे रद्द करायचं की नाही हे त्याच दिवशी सकाळी एका ठरलेल्या वेळी ठरवा आणि प्रत्येकाला फोन करा. नुसत्या संदेशावर राहिलात तर ज्याने तो वाचला नाही तोच नेमका बंद दाराशी उभा राहतो.