पात्राचं कारण डोक्यातलं की मनातलं?

प्रश्न : माझ्या कथेतली नागपूरच्या महाल भागातली शिक्षिका निवृत्ती तोंडावर असताना नोकरी सोडते. मित्र म्हणतात, कारण पटत नाही. तिला भावनेच्या भरात सोडू देऊ, की विचारपूर्वक?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही हवं, आणि एकाच वेळी. आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक पुन्हा वाचा. घरातले कर्ते तात्याजी गेलेत, हातात पैसा नाही, वाड्यापुढे ट्रॅक्टर गंजतोय. तरी थोरल्या मुलाला, भास्करला, तेरावं थाटातच करायचंय. घराण्याचं नाव राहिलं पाहिजे, हा त्याच्या लेखी हिशेबच आहे, अन् त्या हिशेबाच्या तळाशी भीती आहे. म्हणून तो चुकतोय हे दिसत असूनही मला त्याचा राग येत नाही.

तुमच्या बाईंकडे बहुधा नुसती चीड आहे. एका रात्री त्यांना वहीत पेन्शन, मुलीची फी, घराचा हप्ता मांडू द्या. बेरीज ‘थांब’ म्हणेल. तरी त्या राजीनामा लिहितील आणि मुख्याध्यापकांना कारण गुडघेदुखीचं सांगतील. खरं कारण मात्र निवेदकाच्या तोंडी अजिबात घालू नका. तो परिच्छेद लिहिला असेल तर आजच काढा.