रेगे ऐकायचाय? आधी बास ऐक

रेगे हे जमैकाचं संगीत. मोबाइलच्या स्पीकरवर ते ऐकू नकोस. बास, म्हणजे खर्जातले जाड सूर, गायब होतो आणि गाण्याचा कणाच जातो. हेडफोन लाव, चारपर्यंत मोज. ‘वन ड्रॉप’ तालात पहिल्या मात्रेवर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नसतो, ठोका पडतो तिसरीवर. गिटारचा तुटक झटका दोन आणि चारवर. नवखे पहिलीवर सम शोधतात अन् चुकतात.

मग एकाच ‘रिडिम’वरची, म्हणजे बास आणि ड्रमच्या एकाच साथीवरची, तीन-चार गायकांची गाणी लागोपाठ ऐक. ही चोरी नव्हे, जमैकातली रीतच आहे. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं गायनाविना ‘व्हर्जन’ असायचं. त्यावर साउंड सिस्टिमचे, म्हणजे नाचासाठी लावलेल्या मोठ्या फिरत्या स्पीकरांचे, डीजे तालात बोलायचे.

डब शेवटी. डब म्हणजे तयार गाण्यातले आवाज काढून-घालून केलेलं नवं मिश्रण. जमैकाचा ध्वनितंत्रज्ञ किंग टबीने त्यात काय काढून टाकलंय, ते मूळ गाणं कानात असेल तरच कळतं.